नांदेडहून लातुरास

नांदेडपासून लातूर सुमारें १४० किलोमीटर. सकाळची एसटी धरिली तर दुपारच्या जेवणाच्या आंत माणूस तेथें पोंचतो. काशी-रामेश्वराहून आलेल्यांनीं प्रवासवर्णनें लिहावीं, आणि लातुराहून आलेल्यानें तुरीची डाळ काय भावानें मिळाली एवढेंच सांगावें, अशी आजवरची रीत आहे. ती मोडून आम्ही लिहावयास बसलों आहों, याचें कारण एवढेंच कीं गेल्या वर्षांत हा रस्ता आम्हांस वरचेवर जावा लागला. आणि ज्या कारणानें जावा लागला तें कारण आज मराठवाड्यांतील पुष्कळ घरांत आहे.

आमच्या थोरल्या चिरंजीवांची कन्या दहावीची परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाली, आणि वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करण्यासाठीं अकरावीस लातुरास जावयाचें असें तिनेंच ठरविलें. घरांत तिला सारे ताई म्हणतात. येथेंही तसेंच म्हणतों. नांदेडांत शिक्षणाची सोय नाहीं असें मुळींच नव्हे. पीपल्स कॉलेज १९५० पासून आहे, यशवंत महाविद्यालय १९६३ पासून आहे, आणि १९९४ पासून तर स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठच येथें आहे. परंतु ताईच्या वर्गांतल्या चार मैत्रिणी लातुरास निघाल्या होत्या, आणि सोळाव्या वर्षीं मैत्रिणींचा शब्द आजोबांच्या शब्दाहून जड असतो.

जून महिन्यांत आम्ही तिघे निघालों. ताई, तिचे वडील व आम्ही. गोदावरीचा पूल ओलांडतांना ताईनें सवयीनें हात जोडले. लोह्याच्या पुढें खंडोबाचें माळेगांव लागतें. मार्गशीर्षांत तेथें यात्रा भरते, घोडे, उंट व गाढवें यांचा मोठा बाजार होतो. तो पाहण्यास ताई लहानपणीं आमच्या खांद्यावर बसून आली होती. त्या दिवशीं माळ रिकामा होता. पुढें अहमदपूर, चाकूर. दोन्ही बाजूंस काळी जमीन नांगरून तयार होती आणि लोक पेरणीसाठीं आभाळाकडे पाहत होते. चिरंजीव सबंध वाटेंत एक अक्षर बोलले नाहींत. वसतिगृहाचे पैसे भरल्याची पावती खिशांतून तीनदां काढून पाहिली, एवढेंच.

लातूर हें जुनें गांव आहे. राष्ट्रकूट राजे आपणांस लत्तलूरपुराचे स्वामी म्हणवीत, तें लत्तलूर म्हणजेच हें लातूर असें विद्वान् मानतात. गांवाच्या मध्यभागीं गंजगोलाईची वर्तुळाकार पेठ आहे. मधोमध देवीचें मंदिर, आणि भोंवतालीं सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ सालची ही रचना. एकेका रस्त्यावर एकेका जिनसेचा व्यापार, अशी तिची मूळ वांटणी. किल्लारीच्या भूकंपाचा, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, विषय निघाला कीं आजही येथील म्हातारीं माणसें बोलतां बोलतां थांबतात. २०१६ च्या एप्रिलांत या गांवास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. असें हें सोसलेलें गांव.

परंतु आज लातुराचें नांव निघतें तें विद्येमुळें. दयानंद शिक्षण संस्था १९६१ ची, राजर्षि शाहू महाविद्यालय १९७० चें. पुढें येथील शिक्षकांनीं एक पद्धति बसविली : अभ्यासक्रम लौकर संपवावयाचा, मग परीक्षेमागून परीक्षा घेऊन उजळणी करावयाची, आणि प्रत्येक मुलाची चूक त्याला दाखवावयाची. यालाच लोक 'लातूर पॅटर्न' म्हणूं लागले. यांत जादू कांहीं नाहीं. आमच्या पाठशाळेंत संथा आणि आवृत्ति म्हणत, तेंच हें. शिकवण्यांच्या भागांत उभें राहिलें तर संध्याकाळीं रस्त्यावर मुलांखेरीज दुसरें कोणी दिसत नाहीं. पाठीवर दप्तर, हातांत पाण्याची बाटली, चेहरे आपापल्या घरचे. दुकानांत पाहावें तर वह्या, बादल्या, गाद्या आणि कुलुपें. मुलानें घर सोडलें म्हणजे त्याला आधीं काय लागतें, हें त्या दुकानदारांस आमच्याहून अधिक कळतें.

ताईला सोडून आम्ही परतलों. निघतांना ती रडली नाहीं. चिरंजीवांनीं मात्र एसटींत बसल्यावर डोळ्यांत कचरा गेल्याचें निमित्त केलें.

वाचकांना वाटेल, एका मुलीच्या जाण्यानें दहा माणसांच्या घरांत काय उणें पडणार? आम्हांसही तसेंच वाटलें होतें. परंतु एकत्र कुटुंबांत प्रत्येकाचें दुःख दुसऱ्याच्या समोर असतें, म्हणून तें कोणीच बाहेर काढीत नाहीं. सूनबाई स्वयंपाक करतांना एकदम दारापर्यंत जाऊन परत येई. चिरंजीव दर रविवारीं ताईच्या सायकलींत हवा भरीत. सायकलीवर बसणारें कोणी नव्हतें. आम्ही फिरावयास म्हणून निघत होतों तें बसस्थानकावर जाऊन लातुराच्या गाड्या मोजून येत होतों. वसतिगृहांत मुलींना साधा फोन संध्याकाळीं अर्धा तास मिळे. त्या अर्ध्या तासांत आठ माणसांनीं बोलावयाचें, आणि प्रत्येकानें एकच विचारावयाचें : "जेवलीस का?"

श्रावणांत एके रात्रीं फोनवर ताईचा आवाज भरून आला. घटकचांचणींत तिला कमी गुण पडले होते व अंगांत ताप होता. दुसऱ्या दिवशीं सूनबाईनें शांतपणें सांगितलें, "मामंजी, मी लातुरास खोली घेऊन राहतें. दोन वर्षांचा प्रश्न आहे." असें करणाऱ्या आया लातुरांत पुष्कळ आहेत. मुलासाठीं एक खोली, एक शेगडी, आणि नवरा गांवीं एकटा. सूनबाईचा बेत कांहीं जगावेगळा नव्हता. परंतु इकडे दहा वर्षांचा धाकटा, वयोवृद्ध मातोश्री, आणि सारें घर.

रात्रीं सारे बसले. वडीलकीच्या नात्यानें आम्हीं एक लहानसें व्याख्यानच दिलें. म्हटलें, गुरुगृहीं आई जात नसते. मुंजींत मातृभोजन कशासाठीं असतें? आईच्या ताटांतला तो शेवटचा घांस. त्यानंतर मुलगा आचार्यांचा. याच नांदेडचें, असें परंपरा सांगते, तें शेषांचें घराणें काशीस गेलें. भट्टोजी दीक्षितांस व्याकरण शिकविणारे शेषकृष्ण त्याच कुळांतले. निजामी अमलांत आमच्या वडीलधाऱ्या पिढीनें हैदराबादेस जाऊन उर्दू माध्यमांतून पदव्या घेतल्या. १९३८ सालीं वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठानें मुलें काढून टाकलीं, तेव्हां त्यांतलीं पुष्कळ नागपुरास जाऊन शिकलीं. त्यांच्या आया कोठें खोल्या घेऊन राहिल्या होत्या?

मातोश्री कोपऱ्यांत वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, त्या शेषांच्या आईनें लेक गेल्यावर काय केलं, तें तुझ्या पोथींत लिहिलं आहे का?"

आम्ही गप्प बसलों.

"तूं दहा वर्षांचा होतास. कंधारकडच्या आपल्या खेड्यांतून तुला नांदेडास धाडलं. तुझा पाट मी महिनाभर मांडीत होतें. सासूबाई रागावल्या तेव्हां उचलला. पण तुझ्या वाटणीची भाकरी थापायची कांहीं केल्या सुटेना. ती गाईला घालीत होतें. तूं दिवाळीला आलास तेव्हां म्हणालास, आई, तुला माझी आठवण येत नव्हती ना? मी म्हटलं, नाहीं रे बाबा. मुलीची मुंजही नाहीं झाली, मातृभोजनही नाहीं झालं. तिच्या आईला सोडायला शिकवलं कुणीं?"

पंचावन्नाहून अधिक वर्षें आम्ही असें समजत होतों कीं आमची आई मनानें खंबीर होती आणि तिला कांहीं वाटलें नव्हतें. विद्यार्थ्यांपुढें आम्हीं तिचें उदाहरणही अनेकदां दिलें आहे. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही सूनबाईस म्हणालों, "आमचें कालचें बोलणें परत घेतों. तूं आठ दिवस लातुरास राहून ये. मग तूं व ताई मिळून काय तें ठरवा." तिला पोंचवावयास आम्हीच गेलों. ओळखीच्या एका बाईंच्या खोलींत सोय झाली. त्या बाईंच्या मुलास दम्याचा विकार. त्याला एकटें ठेवणें शक्यच नव्हतें. त्यांचें तेथें राहणें सर्वथा योग्य होतें, आणि त्यांच्याकडे पाहून, आईनें जाऊंच नये असा नियम सांगणारे आम्ही मनांत ओशाळलों.

ताईचा ताप चार दिवसांत उतरला. सूनबाई तिला दोन वेळां ताजें जेवूं घालीत होती. आम्ही तिला परत आणावयास गेलों त्या दिवशीं सिद्धेश्वराच्या देवळांत तिघें बसलों असतां ताईच म्हणाली, "आई, तूं आलीस कीं फार बरं वाटतं. पण तूं इथंच राहिलीस तर मला पेपराची भीति वाटेल. माझ्यासाठीं तूं घर सोडलंस, हें मला रोज समोर दिसेल. मग कमी मार्क पडले तर मी तुला सांगूं कुणाच्या तोंडानं?"

सूनबाई बराच वेळ देवळाच्या शिखराकडे पाहत राहिली. मग तिनें विचारिलें, "आणि ताप आला तर?" ताई म्हणाली, "तर लगेच सांगेन. लपवणार नाहीं. तुम्हीही लपवूं नका. पणजीबाई पडल्या तें मला कुणीं सांगितलं नाहीं." हें खरें होतें. मातोश्री आषाढांत घसरून पडल्या होत्या, आणि मुलीच्या अभ्यासांत विघ्न नको म्हणून आम्हीं ती गोष्ट दडविली होती. धाकट्यानें ती फोडली होती.

करार तेथेंच झाला. खोली घ्यावयाची नाहीं. महिन्यांतून एकदां सूनबाईनें जाऊन दोन दिवस राहावयाचें. फोनवर "जेवलीस का" हा प्रश्न बंद. आणि दोन्हीकडचें आजारपण दोन्हीकडे कळवावयाचें. परततांना अहमदपुरास चहा घेतांना सूनबाई म्हणाली, "मामंजी, तिला माझी गरज नाहीं असं नाहीं, पण माझी भीति तिला नको आहे." आम्हीं मान हलविली. इतकें नेमकें आम्हांस सुचलें नसतें.

घरीं आल्यावर आणखी एक गोष्ट उघडकीस आली. आम्ही सारे "घर रिकामें झालें" म्हणत असतां धाकटा एके दिवशीं वही घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, मी आहे ना घरांत." दोन महिन्यांत त्याची वही कोणीं उघडून पाहिली नव्हती, गणितांत तो दोनदां मागें पडला होता. आतां संध्याकाळचा तो अर्धा तास त्याचा आहे. ताईच्या सायकलीची उंची कमी करून ती त्यालाच दिली. चिरंजीव अजूनही रविवारीं हवा भरतात, परंतु सायकल आतां चालते.

दिवाळीस ताई घरीं आली. आपलें ताट आपण घांसूं लागली, आणि पणजीजवळ बसून वाती वळतांना वर्गांतल्या गोष्टी सांगूं लागली. निघण्याच्या दिवशीं मातोश्रींनीं सूनबाईस हांक मारिली आणि दोन पाट जवळ मांडावयास सांगितले. ताट एकच. मायलेकी त्यांत जेवल्या. मंत्र नव्हता, होम नव्हता. आम्हांस विचारलेंही नाहीं. विचारलें असतें तर शास्त्राधार शोधीत बसलों असतों.

येत्या जूनमध्यें ज्यांचीं मुलें लातुरास, पुण्यास किंवा आणखी दूर जावयाचीं आहेत, त्यांस आमची एवढीच विनंति : मुलाच्या पेटींत काय घालावें याची यादी सारेच करतात, घरांत मागें कोण राहतें याचीही एक यादी करावी. आणि घरांत वृद्ध आई असेल तर, आपण गेलों तेव्हां तिनें काय केलें, हें तिला एकदां विचारावें. आम्हीं विचारण्यास फार उशीर केला. ती सांगण्यास होती, हें आमचें भाग्य.