घोडीचं पोट रिकामं ठेवू नकोस

चि. केदार,


तुझं पत्र मिळालं, घोडीचे फोटोही पाहिले. सारंगखेड्याच्या बाजारातून इतकी देखणी मारवाडी घोडी घरी आली, याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. पण पत्रातल्या एका गोष्टीपाशी मी अडले. ती चंदी अर्धी टाकते आणि तंग आवळायला गेलं की कान मागे पाडून चावायला येते. मोतद्दार म्हणतो, स्वभावच तसा आहे. माझं आयुष्य रेसच्या घोड्यांवर उपचार करण्यात गेलं, म्हणून सांगते, स्वभावाला बोल लावण्याआधी तिच्या पोटाकडे बघ. मला अल्सरची दाट शंका येते आहे.

घोड्याचं पोट अंगाच्या मानाने फार लहान, ८ ते १५ लिटरचं. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे १६-१७ तास थोडं थोडं चरत असतो आणि त्याचं पोट त्या चरण्यासाठीच घडलेलं आहे. आपल्या पोटात आम्ल मुख्यतः जेवणाच्या वेळी वाढतं. घोड्याच्या पोटात ते रात्रंदिवस पाझरतं, पोटात अन्न असो वा नसो. ते सौम्य करते लाळ, आणि घोड्याची लाळ चघळताना सुटते, चारा नुसता पाहून सुटत नाही. जो घोडा चघळत नाही, त्याचं आम्ल तसंच साचतं.

पोटाच्या खालच्या भागाला बुळबुळीत थराचं संरक्षण असतं. वरच्या भागाचं अस्तर मात्र अन्ननलिकेसारखं, उघडं. उभ्या घोड्याच्या पोटात गवत असलं की ते आम्लावर जाड थर धरतं. पोट रिकामं ठेवून घोडा दौडवला की पोटावर दाब येतो, आम्ल उसळून वरच्या अस्तराला लागतं आणि तिथे व्रण पडतात. तालमीतल्या रेसच्या घोड्यांच्या कित्येक पाहण्यांत दहांपैकी आठ-नऊ घोड्यांना असे व्रण आढळले, त्याचं मोठं कारण हेच.

आता तुझा दिनक्रम बघ. सकाळी सहाला उपाशीपोटी फेरी, मग तोबऱ्यात जवाचा भरडा आणि हरभरा, संध्याकाळी पुन्हा तेच, मध्ये कडब्याची एखादी पेंढी. किलोभर गवत चावायला घोड्याला किलोभर भरड्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणून भरड्यावर लाळ थोडीच सुटते. वर धान्यातला स्टार्च पोटात आंबतो आणि त्यातली आम्लं जखमेत भर घालतात. त्यात ट्रकमधला लांबचा प्रवास, नवी जागा, सोबतीला दुसरा घोडा नाही. प्रवास, ठाणबंदी आणि हलका व्यायाम एवढ्यावरच, पाच दिवसांत, घोड्यांच्या पोटात व्रण तयार झालेले अभ्यासात दिसले आहेत. तू तिच्यावर जीव लावतोस हे मला ठाऊक आहे. दोष आपल्या सोयीने ठरलेल्या वेळापत्रकाचा आहे.

आधी खात्री करून घे. बाहेरच्या लक्षणांवरून अल्सर नक्की सांगता येत नाही. तंग आवळताना चावणारी घोडी पाठीने किंवा खोगिराच्या घावानेही त्रासलेली असू शकते. तीन मीटर लांबीची दुर्बीण नाकावाटे पोटात घालून पाहणं, हीच खरी तपासणी. रेसच्या घोड्यांचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे चौकशी कर. तपासणीआधी तिला रात्रभर उपाशी ठेवावं लागेल, पण तेवढ्यापुरतंच.

अल्सर निघाला तर मुख्य औषध ओमेप्राझोल. पूर्ण मात्रा वजनाच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅम, रोज एकदा, साधारण चार आठवडे. तुझी घोडी साडेतीनशे किलोची धरली तर १४०० मिलिग्रॅम झाले. माणसांच्या दोन-चार गोळ्या गुळातून चारल्याने काही साधणार नाही. शिवाय साधी पूड पोटातल्या आम्लातच नासते, म्हणून घोड्यांसाठी बनवलेली पेस्टच आण. रात्रीचं गवत संपत आलं की पहाटे औषध दे आणि अर्ध्या-पाऊण तासाने चारा. व्रण खालच्या भागात असले तर डॉक्टर सोबत सुक्रालफेट देतील आणि वेळही जास्त लागेल. खायच्या सोड्याचा उतारा तास-दोन तासांत संपतो. लंगडली की फेनिलब्युटाझोन टोचायची सवयही सोड. ही वेदनाशामकं आतल्या संरक्षक थरावरच घाव घालतात.

पण औषधाने भरलेली जखम जुन्या दिनक्रमात पुन्हा उघडते, हे मी फार पाहिलं आहे. म्हणून खरा बदल चाऱ्यात कर. दिवसाला सहा-सात किलो सुकं गवत, पवन्या किंवा मारवेल मिळालं तर उत्तम, बारीक भोकांच्या जाळीत भरून टांग. कोणत्याही दोन खाण्यांत सहा तासांहून अधिक अंतर पडू देऊ नकोस. रात्र सगळ्यात लांब असते, तेव्हा झोपायच्या आधी एकदा जाळी भर. लसूणघास हळूहळू सुरू कर. त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं आम्लाला आवर घालतात. फेरीच्या अर्धा तास आधी त्याच्या दोन-तीन मुठी तिच्या पोटात गेल्याच पाहिजेत. चंदी एका वेळी पाऊण किलोच्या आत ठेव. स्वच्छ पाणी कायम समोर. आणि तिला सोबत दे, दुसरा घोडा नाहीतर शेळी तरी. रेसच्या पागांत बुजऱ्या घोड्याजवळ शेळी बांधायची जुनी रीत आहे, ती उगाच पडलेली नाही.

लग्नसराईत तिला वरातीसाठी द्यायचा विचार लिहिलास. या वर्षी देऊ नकोस. तासन्‌तास लगाम ओढून डीजेच्या भिंतीपुढे उपाशी उभं राहणं धडधाकट घोडीलाही सोसत नाही आणि ही तर आजारी असण्याची शक्यता आहे. त्या पैशांची अडचण असेल तर मला सांग, आपण वाट काढू.

तपासणीची वेळ याच आठवड्यात घे आणि जाळीत गवत आज रात्रीच भर.

तुझी
आत्या