सर्व्हरचं कनेक्शन, माझं अपडेट

प्लगइन लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो स्वतःचं कनेक्शन उघडण्याचा. डेटाबेसचा पत्ता, युजर, पासवर्ड सगळं हाताशी असतं. जावात ड्रायव्हरमॅनेजरची एक ओळ लिहिली की काम भागतं. कित्येक वर्षं मी तेच करत आलो.

एका दुपारी आमचा ऑर्डर सेव्ह करणारा सर्व्हर गप्प झाला. एरर नाही, सीपीयूवर ताण नाही. पोस्टग्रेसमध्ये चालू कनेक्शनांची यादी काढली, तर दोन ओळींवर नजर थांबली. एक सर्व्हरची, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. दुसरी माझ्या प्लगइनची, लॉकसाठी ताटकळलेली. सर्व्हरनं ऑर्डरची रो बदलली होती आणि कमिट करण्याआधी माझ्या प्लगइनला बोलावलं होतं. मी त्याच रोवर वेगळ्या कनेक्शनवरून अपडेट चालवलं. आता मला सर्व्हरच्या कमिटची वाट, आणि सर्व्हरला माझ्या परतण्याची. लॉकसाठी सेकंदभर थांबावं लागलं की पोस्टग्रेस डेडलॉक तपासतो आणि सापडला तर एकाला बाद करून मोडतो. इथं मात्र अर्धी गाठ जावाच्या थ्रेडमध्ये बसलेली; ती त्याला दिसणार कशी?

टॉमकॅटकडून जेएनडीआयमार्फत डेटासोर्स घेतला की पासवर्ड आणि कनेक्शनांचा हिशेब सर्व्हरकडे जातो. हे चांगलंच, पण पुरेसं नाही. डेटासोर्सच्या पूलमधून दुसरं कनेक्शन आलं, तर ट्रान्झॅक्शन पुन्हा निराळंच. शिवाय हिकारी या जावाच्या पूल लायब्ररीची मूळ मर्यादा १० कनेक्शनांची. दहा रिक्वेस्ट एकेक कनेक्शन धरून दुसऱ्यासाठी थांबल्या, की ३० सेकंदांनी पदरी टाइमआउट. आकडा वाढवून हे फक्त लांबणीवर पडतं. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनमागे वेगळी प्रोसेस चालवतो, आणि त्याची स्वतःची मूळ मर्यादा १०० आहे.

लॉगिन सांभाळणाऱ्या कीक्लोक सर्व्हरची पद्धत मला म्हणूनच पटते. तो प्लगइनच्या हाती आपलं सेशन देतो. त्यातून मिळणारा एंटिटी मॅनेजर सर्व्हरच्या चालू ट्रान्झॅक्शनमध्येच काम करतो. रोलबॅक झाला तर प्लगइननं लिहिलेलंही त्याबरोबर जातं. तिथं प्लगइननं कमिट करायचं नाही, क्लोजही नाही. पूलमधून स्वतः घेतलेलं कनेक्शन मात्र एक्सेप्शन आलं तरी परत गेलंच पाहिजे.

ऑर्डरच्या त्या प्लगइनमधून मी ड्रायव्हरमॅनेजरची ओळ, पासवर्ड आणि कमिट, तिन्ही काढून टाकले. मेथडला सर्व्हरचंच कनेक्शन पॅरामीटर म्हणून येऊ लागलं. अपडेटची क्वेरी होती तशीच राहिली.