रांगोळीतला घोडा

वसुबारसेच्या संध्याकाळी तुमच्या अंगणात गाय-वासराची रांगोळी निघत असेल, तशी ती आमच्याही अंगणात निघते. पण आमच्या गाईच्या शेजारी एक घोडा असतो. तो घोडा आहे हे आई सांगते म्हणून खरे मानायचे. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी त्याला उंट ठरवले होते, आणि त्याची मान पाहिल्यावर मलाही त्यांचे फारसे चुकले असे वाटले नव्हते. वसुबारसेला घोड्याचे काय काम, असा प्रश्न पाथर्डीतल्या पुष्कळ जणांनी आईला विचारला. धर्मशास्त्रात त्याला आधार नाही. आमच्या घरात मात्र आहे.

२०१७ सालच्या आश्विनातली गोष्ट. आई कपाशी वेचायला गेली होती. सरीत वाकून बोंडाकडे हात घालते तो खाली पडलेल्या पाल्यातून घोणस उठली आणि तिने मनगटाला दंश केला. मी शाळेतून धावत आलो तेव्हा बांधावर आठदहा माणसे जमली होती आणि प्रत्येकाजवळ एक उपाय होता. कोणी म्हणे, आधी देवळात न्या. कोणी म्हणे, अमक्या गावचा मांत्रिक हात फिरवतो. माझी स्वतःची अवस्था सर्वांत शोचनीय होती. माझ्या दोन कादंबऱ्यांत मी साप वापरला आहे. कथानक पुढे सरकेनासे झाले की साप फार उपयोगी पडतो. एका प्रकरणात चावतो, पुढच्या प्रकरणात माणूस मरतो, आणि लेखकाची सोय होते. त्या दिवशी आईच्या सुजत चाललेल्या हाताकडे पाहताना ती दोन्ही प्रकरणे मला आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सुदैवाने एका शहाण्या पोराने जीप आणली होती. दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी आईचे थोडे रक्त एका काचेच्या नळीत घेतले, नळी उभी ठेवली आणि घड्याळाकडे पाहिले. वीस मिनिटे कोणी तिला हात लावायचा नाही. रक्त गोठले तर ठीक; न गोठले तर विष रक्तात भिनले. वीस मिनिटांनी त्यांनी नळी कलती केली आणि रक्त पाण्यासारखे वाहिले. मग त्यांनी पेटीतून पांढऱ्या भुकटीच्या दहा कुप्या काढल्या, एकेक पाण्यात विरघळवली आणि सलाईनमधून आईच्या शरीरात सोडली. एका बाजूला दुसरे इंजेक्शन भरून तयार ठेवले होते. ते कशाला, असे मी विचारले.

"हे घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध आहे, सर. एखाद्याच्या अंगाला ते सोसत नाही. म्हणून तयारी."

घोडा आमच्या घरात आला तो असा.

तिसऱ्या दिवशी आई उठून बसली. चहा प्याली. मी तिला मोठ्या उत्साहाने सगळी हकिकत सांगितली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांचे विष अगदी थोड्या मात्रेने घोड्याला टोचतात, मग मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचे रक्त त्या विषाशी झुंजायला शिकते. मग त्याच्या मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातला विषाला मारणारा अंश वेगळा करतात. डॉक्टरांनी सांगितलेले मी वर्गात शिकवावे तसे शिकवून दाखवले. आईने सगळे ऐकून घेतले. औषध कोणी शोधले, कुठे तयार होते, काही म्हणून विचारले नाही.

"ते घोडं जितं हाये ना रं?" एवढेच तिने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. कुप्या कोणत्या कारखान्याच्या होत्या हे पाहायचेही माझ्या ध्यानात राहिले नव्हते. "असेल की," असे मी म्हणालो. मास्तर लोक न येणाऱ्या गणिताचे उत्तर ज्या आवाजात देतात, तो आवाज आईने ओळखला आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली.

तो प्रश्न मला लागला, त्याला आणखी एक कारण होते. आम्ही लहान असताना पहिला पाऊस पडला की ओढ्याकाठी बेडूक निघत. त्यांना कॉलेजात गिऱ्हाईक होते. फाडायला. आम्ही तिघे मित्र कंदील आणि पोते घेऊन रात्री निघायचो आणि पोतेभर बेडूक आणायचो. आलेल्या पैशांत भेळ खायचो. पोत्यात खालचे बेडूक वरच्यांच्या भाराने गुदमरून जात. ते बाजूला काढून टाकले की आमचा हिशेब पुरा होई. ते फाडून पोरे काय शिकली, शिकायला तेवढे बेडूक लागत होते का, हे आम्ही कधी विचारले नाही. आम्हालाही कोणी विचारले नाही. आईने घोड्याबद्दल विचारले तेव्हा ते पोते पंचवीस वर्षांनी माझ्यापुढे येऊन पडले.

मग मी वाचू लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्राची पुस्तके मला अडखळत वाचावी लागतात. पण जे सापडले ते कादंबरीपेक्षा कमी नव्हते. मुंबईत प्लेग आला तेव्हा, १८९६ साली, हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ तिथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्यांनी लस तयार केली, ती सशांवर तपासली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सापाच्या विषावर उतारा करण्याची युक्ती त्याच दशकात फ्रान्सच्या काल्मेत यांनी काढली, आणि पुढे हाफकिन संस्थेतही घोड्यांच्या रक्तापासून हे औषध तयार होऊ लागले. सशांनंतर स्वतःचा दंड पुढे करणारा माणूस मला फार आवडला. पण लगेच मनात आले, हाफकिनने आपला दंड आपण होऊन पुढे केला होता. सशांनी काही पुढे केले नव्हते.

येथेच सगळी अडचण आहे. ससा नाही म्हणू शकत नाही. घोडा नको म्हणाला, म्हणजे अंग झाडले, तर त्याला बांधतात. आणि घोड्याने नको म्हणावे म्हणून मी माझी आई बांधावर सोडून देणार होतो का? मुळीच नाही. त्या दिवशी दहा घोडे लागतील असे डॉक्टर म्हणाले असते तर दहा आणा म्हणालो असतो. प्राण्यांवर प्रयोग नकोतच असे जे सज्जन म्हणतात त्यांच्यापुढे मला म्हणूनच मान वर करता येत नाही. आणि त्यात एवढे काय आहे, जनावर तर आहे, असे म्हणणाऱ्यांजवळ बसावेसेही वाटत नाही.

या दोघांच्या मधली जागा शोधण्याचे काम आपल्याकडे एका नर्तकीने केले. भरतनाट्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध त्यांनी स्वतः विधेयक आणले. पुढे सरकारने आपले आणले आणि १९६० साली कायदा झाला. त्यात प्रयोगांवर एक आखे प्रकरण आहे. ते मी दोनदा वाचले. शक्य तेथे भूल द्यावी. पुस्तक, नमुना किंवा चित्रपट दाखवून काम भागत असेल तर जनावर वापरू नये. नुसते हाताला वळण लागावे म्हणून प्रयोग करू नये. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठ्याला हात लावू नये. बरा झालाच तर यातनाच भोगील असा जखमी प्राणी भुलेतच संपवावा. आधी आणि नंतर त्याची निगा राखावी. वाचता वाचता मी थांबलो, कारण पुस्तकाने भागत असेल तर जनावर नको ही ओळ आमच्या पोत्याच्या तीस-पस्तीस वर्षे आधी छापलेली होती. ती आमच्या ओढ्यापर्यंत यायला फार वेळ लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातली ही फाडाफाड थांबवायला सांगितले ते २०१४ साली.

पुढे १९९८ मध्ये नियम आले. प्राणी वापरणाऱ्या संस्थेने नोंदणी केली पाहिजे, आणि प्रत्येक प्रयोगाचा कागद एका समितीपुढे ठेवला पाहिजे. ज्यांच्या रक्तापासून औषध करतात ते घोडेही त्यात आले. समितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, प्राणिघराचा प्रमुख असतो, बाहेरच्या संस्थेतला एक जण असतो, सरकारने नेमलेला एक असतो. आणि एक जागा अशी आहे की तिच्यावर शास्त्रज्ञ नसलेला, पण समाजाची जाण असलेला माणूस बसवायचा. त्या खुर्चीचा मला फार आधार वाटला. तिथे माझ्यासारखा मॅट्रिक झालेला मास्तर बसू शकतो. मोठमोठ्या विद्वानांच्या पंक्तीत त्याने विचारायचे ते एवढेच: हे खरोखर लागते का? कमी जनावरांत भागणार नाही का? त्याला दुखणार किती? १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रजांनी पुस्तक लिहून शास्त्रज्ञांपुढे हेच प्रश्न ठेवले होते. दुसरी वाट असेल तर ती घ्या, संख्या घटवा, वेदना हलकी करा. म्हणजे आईला सुचलेला प्रश्न विलायतेतही सुचला होता.

२०२० साली आपण सगळे दारे लावून बसलो होतो तेव्हा पुण्याच्या विषाणू संस्थेत वीस माकडांवर लस तपासून पाहिली गेली. ती लस पुढे आपल्यापैकी कितीतरी जणांनी दंडावर घेतली. त्या वीस जणांची आठवण किती घरांत निघाली असेल? आमच्याकडेही निघाली नाही. आईच्या रांगोळीत माकड नाही. कदाचित उंट झालेल्या घोड्यानंतर तिचा धीर झाला नसेल.

मला हे सांगायचे आहे की ओवाळणे सोपे असते. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच अंगावर आसूड ओढायचा, ही रीत आपल्याला परकी नाही. आमच्या तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक जबडा उघडून दात पाहते, पाय पाहते. पाठीवरची जखम पाहिली तर भाव पाडायला पाहते. पूजेत कृतज्ञता आहे, पण ती आपण आपल्या सोयीने, आपल्या तिथीला दाखवतो. नियमाला तिथी नाही. रक्त काढण्यापूर्वी घोड्याचे वजन घेतले का, मागच्या वेळचे रक्त भरून आले का, त्याला विसावा मिळाला का, हे रोज विचारावे लागते, आणि विचारणारा असा हवा की ज्याला त्या रक्ताचे पैसे मिळत नाहीत. कृतज्ञतेचे काम असे रुक्ष असते. त्यात दिवा नाही, तबक नाही. वही आहे आणि सही आहे.

आणि वही खोटी लिहिता येते, हेही मास्तराला सांगायला नको. १९६० च्या त्या कायद्यात प्रयोगाचे नियम मोडणाऱ्याला जास्तीत जास्त दंड लिहिला होता दोनशे रुपये. आज तेवढ्यात आमच्या बाजारात शेळीचे करडूसुद्धा येत नाही.

गेल्या वसुबारसेला मी आईजवळ बसलो आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा पुन्हा प्रयत्न केला. ती रांगोळी काढत होती. मी तिला कायदा सांगितला, समिती सांगितली, ती खुर्चीसुद्धा सांगितली. रक्त काढल्यावर त्यातल्या लाल पेशी घोड्याला परत देता येतात, म्हणजे त्याला कमी थकवा येतो, हेही सांगितले. घोड्याची मान ओढता ओढता ती ऐकत होती.

"आन् रातच्याला उठून त्याला बघतं कोण?" तिने विचारले.

आईने चाळीस वर्षे गाई-बैल सांभाळले आहेत. आजारी जनावर दिवसा सगळ्यांना दिसते. ते पाय झाडते ते रात्री, हे तिला ठाऊक आहे. मी पुन्हा गप्प बसलो. नियमांत लिहिलेले होते ते मी सांगितले होते, आणि तिचा प्रश्न नेमका तिथून पुढे सुरू होत होता.

तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा आणि गवारीच्या चार शेंगा घोड्याच्या तोंडापुढे ठेवल्या. तेवढ्यात दावे सुटलेले वासरू आले, त्याने ती भाकरी खाल्ली आणि घोड्याची मान चाटून पुसून टाकली. मी त्याला हाकलायला उठलो.

"राहू दे," आई म्हणाली, आणि चिमटीत रांगोळी घेऊन मान पुन्हा काढू लागली.