तळघरातलं पाणी, पंप आणि एक निखळलेला खांदा

दरवर्षी जूनमध्ये मी इथे डेंग्यू, लेप्टो किंवा गॅस्ट्रोवर काहीतरी लिहितो. या वेळी पंपाबद्दल लिहितो आहे. इमारतीच्या तळघरात खड्डा करून त्यात बसवलेला, साचलेलं पाणी उचलून बाहेर फेकणारा पंप. फिजिशियनने यात नाक का खुपसावं, असं वाटेल. कारण सांगतो.

2018 च्या जूनमधली गोष्ट. पुण्यातली आमची सोसायटी उतारावर आहे आणि पार्किंग तळघरात. तळघराच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात चार फूट खोल खड्डा आहे, त्याला सगळे 'संप' म्हणतात. रॅम्पवरून वाहून आलेलं आणि भिंतींतून पाझरलेलं पाणी तिथे जमतं. पाणी वाढलं की एक तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट स्विच, वर उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो. निदान व्हायला हवा. त्या रात्री संपातल्या पंपाने संप पुकारला होता.

साडेअकराच्या सुमारास इंटरकॉम वाजला. वॉचमनकाका होते, लातूरकडचे. "साहेब, खाली पाणी यायलंय." मी त्या वर्षी सोसायटीचा सेक्रेटरी. अर्धवट झोपेत म्हणालो, "पंप सुरू नाही झाला का? जरा खाली जाऊन बघा ना." आणि कूस बदलली.

पंधरा मिनिटांनी पुन्हा इंटरकॉम. या वेळी आवाज त्यांचाच होता, पण ओळखू येत नव्हता.

खाली गेलो तर ते रॅम्पवर भिंतीला टेकून बसलेले. उजवा हात पोटाशी घट्ट धरलेला, तो बाहेरच्या बाजूला वळतच नव्हता. पंपाचं पॅनेल तळघरातच, खड्ड्याशेजारच्या भिंतीवर होतं. पोटरीपर्यंत पाण्यातून ते तिथवर गेले, लोखंडी पेटीचं दार उघडायला हात लावला आणि मागे फेकले गेले. पाण्यात भिजू नयेत म्हणून चपला वर काढून ठेवल्या होत्या. रॅम्पच्या तोंडाशी त्या नीट जोडून ठेवलेल्या मला दिसल्या. तळघराचा मेन स्विच मी वरून बंद केला आणि त्यांना गाडीत घातलं.

विजेच्या झटक्याने शरीरातले सगळे स्नायू एकदम आखडतात. खांदा आतल्या बाजूला वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात, त्यामुळे हाडाचा गोळा मागच्या बाजूने खोबणीतून निसटू शकतो. एरवी खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो. मागे निखळला, तर दोन गोष्टींची शंका घ्यायची असं आम्हाला शिकवलेलं असतं: फिट किंवा शॉक. गंमत अशी की समोरून काढलेल्या एक्स-रेत तो बऱ्याचदा जवळपास सरळ दिसतो आणि "मुका मार आहे" म्हणून माणूस घरी पाठवला जातो. काकांच्या बाबतीत तसं झालं नाही. खांदा बसवला, रात्रभर ईसीजीवर लक्ष ठेवलं, स्नायूंना झालेल्या इजेचा भार मूत्रपिंडांवर येत नाही ना हे रक्त-लघवीत पाहिलं. ते वाचले. पण शेवटपर्यंत म्हणत राहिले, "माझीच चूक साहेब, चपला घालून जायला पाहिजे होतं." मला तेव्हाही काय बोलावं सुचलं नव्हतं.

चपला घालून फारसा फरक पडला नसता. कोरडी त्वचा विजेला चांगला विरोध करते. ओल्या शरीराचा विरोध मात्र साधारण 1000 ओहमपर्यंत उतरतो. घरातला दाब 230 व्होल्ट, म्हणजे हिशेबाने 230 मिलीअँपिअर. यातले 10–15 मिलीअँपिअर हातातून गेले तरी पकडलेली वस्तू सोडता येत नाही, आणि 50–100 छातीतून गेले तर हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहतं. काका फेकले गेले हे त्यांचं नशीब. पेटीला चिकटले असते तर मला दुसरा इंटरकॉम आलाच नसता, आणि सकाळी दूधवाला आल्यावर कळलं असतं.

नंतरच्या मीटिंगमध्ये पाऊण तास गाड्यांवर गेला. कोणाच्या इंजिनात पाणी गेलं, इन्शुरन्स मिळतो का, बिल्डरला नोटीस पाठवायची का. मीही त्यात बोललो, नाही असं नाही. पंप का चालला नाही, तर गाडीच्या कव्हरची नायलॉनची दोरी फ्लोटला गुंडाळली गेली होती. मागच्या पावसाळ्यानंतर कोणी तो खड्डा उघडलाच नव्हता.

मग हळूहळू, दोन वर्षांत, आम्ही व्यवस्था बदलली. पॅनेल तळघरातून काढून वर गेटजवळ, कमरेपेक्षा उंच बसवलं. पंपाच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी घातला, म्हणजे एवढा प्रवाह भलत्या वाटेने गळू लागताच लाइन क्षणार्धात तुटते. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "सारखा ट्रिप होईल डॉक्टर, 300 चा टाकू." 300 चा असतो तो आग लागू नये म्हणून, माणसाला वाचवायला नव्हे. सारखा ट्रिप होत असेल तर गळती शोधा. ताप येतो म्हणून थर्मामीटर बदलून कसं चालेल? एकाऐवजी दोन पंप बसवले, आळीपाळीने चालणारे. पाइपमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर वर फेकलेलं पाणी पंप थांबताच परत खाली येतं. आणि पंपांना जनरेटरची लाइन दिली. तोवर आमच्याकडे जनरेटरवर लिफ्ट चालायची, पंप नाही. जोराच्या पावसात लाइट हमखास जाते, तेव्हाच पंप लागतो, हे पन्नास सुशिक्षित कुटुंबांच्या डोक्यात आलं नव्हतं. (जनरेटर स्वतः मात्र उघड्यावरच हवा. पाणी उपसायला तळघरात किंवा रॅम्पच्या तोंडाशी छोटा पेट्रोल जनरेटर लावला की कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वास नसतो.)

यातली सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे मॉनिटर. खड्ड्यात पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, त्याला जोडलेली सिमकार्डची छोटी पेटी, स्वतःची बॅटरी. पाणी ठरावीक खुणेवर गेलं की गेटच्या केबिनमध्ये भोंगा वाजतो आणि तिघांच्या फोनवर कॉल जातो. वीज गेली तरी कॉल जातो. पंप चालू असूनही पाणी चढत असेल तर वेगळा इशारा येतो. हा शेवटचा इशारा मी हट्टाने मागून घेतला. सलाइन चालू आहे म्हणजे बीपी सुधारलं असं नसतं, तसंच पंप घरघरतोय म्हणजे पाणी उतरतंय असं नसतं.

पहिल्या वर्षी सेन्सर इतका संवेदनशील लावला होता की रॅम्प धुतला तरी भोंगा. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी भोंग्याची वायरच काढून ठेवली. आयसीयूत हेच होतं. दिवसभर उगाच वाजणाऱ्या अलार्मकडे चांगले लोकही दुर्लक्ष करायला लागतात. खूण वर सरकवली, तेव्हा भोंग्याला किंमत आली.

एवढा खर्च गाड्यांसाठी का, असं एका सभासदाने विचारलं होतं. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, आज देतो. मॉनिटर आहे तो कोणालाही खाली जाऊन बघावं लागू नये म्हणून. 6 सप्टेंबर 2022 ला दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये वादळी पावसात एका अपार्टमेंटच्या भूमिगत पार्किंगमध्ये सात जणांचा जीव गेला. लोक गाड्या बाहेर काढायला खाली उतरले होते. दिल्लीत 27 जुलै 2024 ला कोचिंग क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत तीन विद्यार्थी बुडाले. तळघर भरायला लागलं की हळूहळू भरत नाही, रॅम्प आणि जिना दोन्ही धबधबे होतात. दाराबाहेर दोन फूट पाणी साचलं तर साध्या दारावर साधारण दीडशे किलोचा रेटा असतो. आतून बाहेर ढकलायचं दार असेल तर ते तुमच्याने उघडणार नाही.

पंपाच्या मर्यादाही सांगतो. तो पाझर आणि पावसाचं पाणी उपसतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा काठ सोडून सोसायट्यांत शिरला, त्यापुढे आमचे दोन काय, दहा पंपही टिकले नसते. ओढ्या-नाल्याशेजारी राहत असाल तर रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा आणि वेळेवर गाड्या वर काढणं हाच उपाय. वेळेवर म्हणजे पाणी दिसण्याआधी. दिसल्यावर गाडी गेली असं समजा.

कोणाला शॉक लागलाच तर आधी मेन बंद. त्याआधी त्याला हात लावू नका, त्या पाण्यातही उतरू नका. मग श्वास आणि प्रतिसाद बघा. नसेल तर 108 ला फोन आणि लगेच छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. विजेच्या धक्क्याने थांबलेलं हृदय बऱ्याचदा निरोगी असतं, म्हणून लवकर हार मानू नका. माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी ईसीजी काढून घ्या.

पाणी ओसरल्यावर चिखल काढणाऱ्यांना गमबूट द्या. अशा पाण्यातून चालल्यावर लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन द्यायचं का, हे 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते चालत नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, यातलं काही झालं तर पाण्यातून गेल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो. आणि खड्डा साफ करायला माणूस उतरवू नका. सांडपाणी मिसळलेल्या खड्ड्यातला वायू दोन श्वासांत बेशुद्ध करू शकतो.

काका पुढच्या वर्षी गावी गेले. मुलाच्या किराणा दुकानात बसतात, वरच्या फळीवरचा डबा काढायला नातवाला हाक मारावी लागते.

आमच्याकडे आता महिन्याच्या पहिल्या रविवारी चाचणी असते. परवा बादल्यांनी खड्ड्यात पाणी ओतलं. फ्लोट उचलला गेला, पंप सुरू झाला, भोंगाही वाजला. मग वीज बंद करून पाहिलं, तर फोन आलाच नाही. मॉनिटरची बॅटरी चार वर्षांची झाली होती. सोमवारी नवी बसवली.