बस चुकेल!

माझं धावण्याचं शिक्षण संपूर्णपणे कंपनीच्या खर्चाने झालं. पहिल्या पाळीची बस निगडीच्या थांब्यावर पावणेसहाला यायची आणि मी पाच सेहेचाळीसला. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने शर्टाची बटणं, असा ३१ वर्षं मी बसमागे धावलो. रिटायर झालो, बस सुटली, धावणंही सुटलं. पोटाने मात्र ओव्हरटाइम सुरू केला.

डॉक्टरांनी ‘तीन महिन्यांची साखर’ तपासायला सांगितली. ही तपासणी फार चहाडखोर. आदल्या रात्री जिलबी टाळून भागत नाही. तीन महिन्यांचा सगळा हिशेब रक्तातल्या तांबड्या पेशी सांगून टाकतात. आकडा आला ८.४. डॉक्टर काही बोलले नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती. माझ्या वडिलांचा पाय याच साखरेपायी गुडघ्याखाली कापावा लागला होता.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी पैज घातली : शंभर दिवस रोज धावायचं, एकही खाडा नाही. पहिल्या दिवशी दुर्गा टेकडीच्या रस्त्याला विजेचे दोन खांब धावलो आणि तिसऱ्याला मिठी मारली. शेजारी आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलमध्ये. माल नापास करणं हा त्यांचा स्वभावच. म्हणाले, “हे धावणं नव्हे, घाईघाईनं चालणं. रिजेक्ट!”

मराठी माणूस पोहायलासुद्धा आधी पुस्तकात उतरतो. मीही वाचन सुरू केलं. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारे गडी दोराबजी टाटांनी पाहिले आणि पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला संघ पाठवण्याचं मनावर घेतलं. त्या संघातल्या बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांनी तिथली ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन तीन तासांच्या आत संपवली, एकोणिसावे आले. हे मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

“अनवाणी गड्यांनी एवढं केलं,” ती म्हणाली, “आणि तुम्ही साडेचार हजारांचे बूट घालून खांबाला मिठ्या मारताय!”

पंधराव्या दिवशी पाच खांब झाले. अडतिसाव्या दिवशी धो धो पाऊस. मी पांघरूण ओढलं, तर तिने हातात छत्री दिली. उघडी छत्री घेऊन धावणारा माणूस पाहून कुत्रीसुद्धा वाटेतून बाजूला झाली. पुढे खांब मोजणं सुटलं.

एक्याण्णवाव्या पहाटे भक्ती-शक्ती चौकाच्या अलीकडे मागून चाकणला जाणारी एक कंपनीची बस आली आणि शेजारी येऊन हळू झाली. दार उघडलं. ड्रायव्हर ओरडला, “काका, चढा पटकन, चुकली असती की!”

सवयीने पाय पायरीवर गेलासुद्धा. आत पोरं डबे मांडीवर घेऊन पेंगत होती. माझ्या सीटवर, खिडकीशी, कोणीतरी दुसरा होता.

“नको रे,” मी पाय मागे घेतला. “मी असाच धावतोय.”

“असाच?” त्याने माझ्याकडे अशा काही काळजीने पाहिलं, की जणू साखर माझ्या डोक्यात गेली असावी.

शंभर दिवस झाले. गोळ्या आणि धावणं मिळून आकडा ७.१ वर आला. शेजाऱ्यांनी रिपोर्ट दोनदा तपासला आणि नाइलाजाने पास केला.

एकशेएकाव्या पहाटे पैज संपली होती. मी निवांत कूस बदलली. तेवढ्यात बायकोने दिवा लावला.

“अहो, उठा,” ती म्हणाली, “बस चुकेल!”