चौकटीतली पन्हळ

पहिला थेंब नेहमी डाव्या गुडघ्यावर पडायचा. बदलापूर सोडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं, की सर यायची आणि क्लचवरच्या पायावर टिपकन थंड पाणी पडायचं. मग दुसरा, तिसरा, आणि घाटाच्या वळणांवर तर धारच. डॅशबोर्डवर फडकं ठेवायचं, ते पिळायचं, पुन्हा ठेवायचं. चार पावसाळे मी हे केलं.

माझी जीप 1994 सालची महिंद्रा एमएम 540. प्यूजोचं डिझेल इंजिन, वरून कापडी हुड आणि पुढे सपाट काच. ही काच ज्या लोखंडी चौकटीत बसते ती खाली दोन बिजागऱ्यांवर उभी असते आणि पुढे बॉनेटवर पाडता येते. मूळची विलीज जीप दुसऱ्या महायुद्धातली. गाडी बुटकी दिसावी, जहाजावर कमी जागेत मावावी, म्हणून काच आडवी होण्याची सोय तेव्हाची, आणि विलीजच्या परवान्यावर महिंद्राने इथे जीप बांधायला घेतली तेव्हा ती सोयही सोबत आली. म्हणजे ही चौकट गाडीच्या अंगाचा भाग नव्हेच, ते एक दार आहे. दार म्हटलं की फट आली आणि फट आली की पाणी आलं.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर फिटर म्हणून काम केलं. मापाची सवय हाताला आहे. तरी या गळतीपुढे मी मापं विसरलो. पहिल्या पावसाळ्यात एका गॅरेजमध्ये काचेच्या रबराभोवती सिलिकॉन भरून घेतलं. दुसऱ्या पावसाळ्यात मी स्वतःच ट्यूब आणली आणि चौकटीच्या खालच्या कडेला जिथे जिथे ओल दिसली तिथे तिथे ती पिळली. आठवडाभर गुडघा कोरडा राहिला. नंतर पाणी पूर्वीपेक्षा जास्त यायला लागलं. रंगाला फुगे आले, बोटाने दाबल्यावर पत्रा बिस्किटासारखा मोडला.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या डेंटरने टिचकी मारून चौकटीचा आवाज ऐकला. ‘काका, ही संपलीय. ठिगळ मारलं तर तुमचे पैसे आणि माझे हात, दोन्ही फुकट जातील. नवीन टाकू या.’

बिजागऱ्यांचे बोल्ट जाम होते. आदल्या रात्री त्यांच्यावर डिझेल सोडून ठेवलं होतं. सकाळी त्याने गॅस दाखवला आणि पाना लावून बोल्ट आधी किंचित आवळला. सोडवायचा बोल्ट आधी आवळायचा, हे शिकायला मला कारखान्यात दोन वर्षं लागली होती. गंजाची पकड पहिल्यांदा मोडते ती अशीच. नंतर तो उलटा फिरतो. चारपैकी तीन आले, चौथा ग्राइंडरने कापावा लागला.

जुनी चौकट भंगारात देण्याआधी मी तिची खालची पोकळ पट्टी उभी चिरून पाहिली. आत दोन मुठी चिखल निघाला, गंज, धूळ आणि कुजलेली पानं एकजीव झालेली. पट्टीच्या तळाला तीन बारीक भोकं होती, कारखान्यातूनच पाडलेली. तिन्ही भोकांत पांढरं सिलिकॉन घट्ट बसलं होतं. माझ्याच हाताने भरलेलं.

मग पाण्याचा सगळा प्रवास समजला. हुडाची पट्टी चौकटीच्या वरच्या कडेला स्क्रूंनी बसवलेली असते. त्यातल्या डाव्या कोपऱ्याच्या स्क्रूपाशी पाणी शिरत होतं. पोकळ खांबातून ते खाली उतरायचं, खालच्या पट्टीत साठायचं आणि पूर्वी त्यातलं बरंचसं त्या तीन भोकांतून बाहेर निघून जायचं. वाट मी बंद केल्यावर ते तिथेच तुंबलं, पत्रा आतून खात राहिलं आणि जिथे पत्रा हरला तिथून माझ्या गुडघ्यावर पूर्वीपेक्षा जास्त पडायला लागलं. शिरलं एका टोकाला, दिसलं तीन फुटांवर. ओल दिसते तिथे हात जातो, ही माणसाची सवय. पाण्याची चूक काहीच नव्हती.

नवी चौकट आणली आणि आधी तिचे दोन्ही कर्ण मोजले. पाच मिलिमीटरचा फरक. डोळ्याला हा फरक दिसत नाही, काचेला मात्र कळतो. वाकड्या चौकटीत बसवलेली काच एखाद्या खड्ड्यात कोपऱ्यातून तडकते. लांब कर्णावर पट्टा आवळून आणि आखूड कर्णात स्क्रू-जॅक घालून डेंटरने ती थोडी थोडी सरळ केली. मग रंग न लावताच ती गाडीवर चढवून पाहिली. डावीकडची बिजागरी दोन मिलिमीटर खाली बसत होती, तिथे पॅकिंग घातलं. हुड ओढून पाहिलं, दारं लावून पाहिली. तीनदा चढवली, तीनदा उतरवली. जे काय चुकायचं ते कच्च्या लोखंडावर चुकू द्यावं, रंगावर नाही.

काचेसाठी त्याच कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात गेलो. मालक सिंधी, सत्तरीचे. आमच्या जुन्या काचेच्या कडेला दुधाळ पट्टा पडला होता, तो पाहून म्हणाले, ‘साईं, हे पाणी वर्षानुवर्षं इथे बसलं असणार.’ पुढची काच लॅमिनेटेडच हवी, असा नियम आहे: काचेचे दोन थर आणि मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. त्यांनी दोन्ही बाजूंनी हिऱ्याची रेघ मारली, हलकेच मोडली, रेघेवर स्पिरिट ओतून काडी लावली. निळी ज्योत सरसरत गेली, मधला पापुद्रा मऊ झाला आणि त्यांनी पातं फिरवून तो कापला. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम, पण त्या पाच मिनिटांत ते एक शब्द बोलले नाहीत.

नंतर चहा घेताना बोलले. हे गाव मूळचं युद्धकाळातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकींत जागा मिळाली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी छावणीचं उल्हासनगर झालं. त्यांचं बालपण बराकीतच गेलेलं. ‘छप्पर गळायचं. थेंब पडेल तिथे आई भांडं ठेवायची. पण वडील कोळसा घेऊन वर चढायचे. वाशावरच्या ओलीवर खुणा करत करत मागे जायचे, पाणी शिरतं तिथपर्यंत.’ मी कोळशाची ती रेघ मनात घेऊन परतलो.

बसवण्याचं काम डेंटरने आणि मी मिळून केलं. चौकटीच्या पट्ट्यांत आतून मेण सोडलं. तळाची तिन्ही भोकं सहा मिलिमीटरची करून घेतली आणि त्यांच्या कडांना ब्रशने प्रायमर लावला, कारण उघड्या कडेवरच गंज पहिला धरतो. हुडाच्या प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर घातला. बॉनेट आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यावर चौकट टेकते तिथे नवं रबर अंथरलं. काचेच्या रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी घालून, साबणाचं पाणी लावून, डेंटर बाहेरून तळव्यांनी काच दाबत राहिला आणि मी आतून दोरी ओढत गेलो. रबराची पाळी चौकटीवर उलटत जाताना जो बारीक कुरकुर आवाज येतो, तो ऐकला की काम जमतंय हे समजतं.

मग पाण्याची परीक्षा. डॅशबोर्डच्या मागे आणि पायापाशी पावडर भुरभुरवली आणि बाहेरून पाइप लावला. आधी फक्त खालचं रबर, दहा मिनिटं. मग काचेची खालची कड, मग बाजू आणि सगळ्यात शेवटी वरचे स्क्रू. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि कुठून शिरलं ते सांगता येत नाही. पावडरीवर एकच ओघळ उमटला. तो चौकटीचा नव्हताच. इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरींच्या भोकातलं रबर तडकलं होतं. ते बदललं आणि पावडर कोरडी राहिली.

अंबरनाथचं शिवमंदिर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. लहानपणापासून मी तिथे जातो. पण शाळुंकेची पन्हळ मी नीट पाहिली ती या कामानंतर. पिंडीवर पाणी पडणार हे घडवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं, म्हणून दगडातच त्याने उतार ठेवला, बाहेर जाणारं तोंड ठेवलं. जीपच्या चौकटीत ती तीन भोकं पाडणाऱ्या कारागिरानेही हेच धरलं होतं. लोखंड, रबर आणि स्क्रू यांच्या मधून कधीतरी पाणी शिरणार. शिरलेलं बाहेर जायला हवं. त्याने माझ्यासाठी ठेवलेली सोय मी दोष समजून बुजवली होती. आता कोणतीही गळती दिसली, की मी ट्यूब हातात घेत नाही. आधी पाण्याला निघायला जागा कुठे ठेवली आहे ते शोधतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बारवीच्या त्याच रस्त्यावर मुळगावच्या पुढे मुसळधार पाऊस लागला. रस्त्याच्या कडेला जीप थांबवली, छत्री घेतली आणि पुढे जाऊन वाकून पाहिलं. चौकटीच्या तळाच्या मधल्या भोकातून एक बारीक, स्वच्छ धार बॉनेटच्या कडेने खाली मातीत पडत होती. आत सीटवर हात फिरवला. कोरडी होती. छत्री मिटायचं मला बराच वेळ सुचलं नाही.