मागण्याची रीत

नारायण पेठ, पुणे

चि. भाचीबाईंस,


संस्थेसाठी देणग्या जमवायचं काम तुझ्या गळ्यात पडल्याचं तुझ्या आईने सांगितलं. लोकांकडे मागायची तुला लाज वाटते म्हणे. वाटू दे थोडी. ज्यांना ती मुळीच नसते अशी मंडळी श्रावण लागला की गणपतीच्या वर्गणीसाठी आमच्या दारात येतात. पावतीवर आकडा आधीच लिहिलेला आणि मागे दहा पोरं उभी! पैसे मिळतात, पण देणारा मनातून दंड भरत असतो.

मागायची दुसरी रीतही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे देशी उद्योगांसाठीच्या 'पैसा फंडा'साठी गावोगाव फिरत होते आणि टिळकांचं त्यांना पाठबळ होतं. मागणं किती? माणशी वर्षाला एक पैसा. एवढ्याशा मागणीपुढे हमालाला मान खाली घालावी लागत नाही आणि सावकाराला मिरवता येत नाही. त्याच फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. आपला पैसा कुठे गेला, हे कुणालाही जाऊन बघता येत होतं.

अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली गिरणीमालक ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले. पण मला अण्णा जास्त भावतात ते १९३६ सालचे. वय अठ्ठ्याहत्तर, पेन्शन सत्तर रुपये. खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी त्यातले दरमहा पंधरा रुपये काढून ठेवले आणि मग लोकांकडे थोडं थोडं मागत फिरले. स्वतः आधी दिलं की मागताना आवाज ओशाळत नाही.

तेव्हा, वेळ विचारूनच जा. दुपारी एक ते चार तर नकोच. काम सांग, कशाला किती पैसे लागतात ते सांग आणि गप्प बस. शेजारच्यांनी किती दिले, हे सांगू नकोस. संस्थेतल्या मुलांचे केविलवाणे फोटो पुढे करू नकोस; ती मुलं उद्या मोठी होऊन ते बघणार आहेत. समोरचा 'नाही' म्हणाला तर कारण न विचारता चहा घे आणि हसून नीघ. करसवलतीचं आमिषही दाखवू नकोस: दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला तिचा उपयोग नाही. पावती मात्र हातोहात दे. वर्षाअखेरीस झालेल्या कामाचं पत्र पाठव आणि त्या पत्रात नवं काही मागू नकोस.

देणाऱ्याला 'नाही' म्हणायची मोकळीक असते, तेव्हाच त्याचं 'हो' खरं असतं. यादीत पहिलं नाव तुझं लिही, रक्कम कितीही छोटी असो. मग माझ्याकडे ये. वेळ ठरवून.

तुझा,
मामा